परकीय पैशाचा पूर आणि आपले बांध



वसंत व्याख्यानमालेत अर्थशास्त्राचा विषय घेऊन उभे राहणे म्हणजे चैत्राच्या उन्हाने आधीच त्रासलेल्या श्रोत्यांना आणखी एक चटका देण्यासारखे आहे, याची आम्हांस जाणीव आहे. चालकांनी आम्हांला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा एखादा रसाळ विषय घ्यावा असा मोह झालाही होता. परंतु जालना हे व्यापाऱ्यांचे गाव आहे. ‘जालना सोन्याचा पाळणा’ असे ज्या गावाबद्दल म्हटले जाते, तेथे पैशाविषयी बोलण्यास संकोच कशाला, असा विचार करून आम्ही हा विषय घेतला. परदेशांतून एखाद्या देशात एकाएकी पैशाचा लोंढा येतो. त्या लोंढ्याचे त्या देशाने काय करावे, हा आजचा प्रश्न आहे.

आपण म्हणाल, पैसा जातो तेव्हा चिंता करावी हे समजते. येतो तेव्हा कसली चिंता? शंका रास्त आहे. तिचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम आपल्या जिल्ह्यातच पाहू. आपल्या जालना आणि बदनापूर तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. त्याआधी काही वर्षे जमिनींची खरेदी चालली होती. ज्या घरांत आयुष्यात कधी एकरकमी लाख रुपये आले नव्हते, त्या घरांत मोबदल्याची मोठी रक्कम आली. अशी रक्कम हाती आली की माणसे काय करतात, हे आपणांस ठाऊक आहे. कोणी दुसरीकडे जमीन घेतो, विहीर खोदतो, मुलांच्या शिक्षणाची सोय लावतो. कोणी दारात गाडी उभी करतो, लग्न थाटात करतो आणि उरलेले उसनवारीत घालवतो. जमीन दोघांचीही गेलेली असते आणि रक्कम दोघांनाही मिळालेली असते; पाच वर्षांनी मात्र दोघांच्या घरांत फार मोठे अंतर पडलेले दिसते. शिवाय पाच-पंचवीस घरांत एकदम पैसा आला की आसपासच्या जमिनीचा भाव चढतो आणि ज्याला मोबदला मिळालाच नाही, त्या शेजाऱ्यालाही त्या चढ्या भावाने जमीन घ्यावी लागते. घराची जी गोष्ट तीच देशाची. फरक एवढाच की देशात पैसा एकाकडे येतो आणि त्याचा भार पुष्कळदा दुसऱ्याच्याच डोक्यावर पडतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. इ. स. १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. त्या वेळी इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी बहुतांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून येत असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि तो कापूस थांबला. गिरण्यांना कापूस हवा होता आणि तो मोठ्या प्रमाणावर देऊ शकेल असा प्रदेश हिंदुस्थान होता. खानदेश, गुजरात, वऱ्हाड येथील कापूस मुंबईच्या बंदराकडे धावू लागला. आपले जालना त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. पण शेजारचे वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होते आणि खामगावची कापसाची पेठ येथून फार दूर नाही. कापसाचा भाव कित्येक पटींनी वाढला. नेहमीच्या भावाने जे मिळाले असते, त्याहून सुमारे सात कोटी पौंडांवर जादा रक्कम त्या चार-पाच वर्षांत मुंबईच्या पदरात पडली, असा त्या काळच्या जाणकारांचा हिशेब आहे.

काटेकोर बोलावयाचे तर ही रक्कम परकीय भांडवल नव्हती; ती विकलेल्या मालाची किंमत होती. तथापि बाहेरच्या घटनेमुळे अचानक आलेला आणि बाहेरच्याच घटनेमुळे थांबणार असलेला पैसा, या अर्थी तिची जात तीच होती. म्हणूनच ती गोष्ट आपण तपशीलाने पाहू.

हा पैसा मुंबईत मावेना. मग त्याला वाटा शोधल्या गेल्या. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन कंपन्या, २० विमा कंपन्या उभ्या होत्या. दहा वर्षांपूर्वी यांतील बहुतेक प्रकारच्या कंपन्यांचा पत्ताही नव्हता. समुद्र भरून जमीन काढण्यासाठी बॅक बे कंपनी निघाली. तिचा पाच हजार रुपये भरलेला शेअर कित्येक पट अधिक किमतीस विकला जाऊ लागला. आणि तोही अशा वेळी, की जी जमीन विकावयाची ती अजून पाण्याखालीच होती! प्रेमचंद रायचंद हे या बाजाराचे अनभिषिक्त राजे होते. त्यांच्या शब्दावर शेअर वर जात आणि खाली येत. कारकून, दलाल, वकील, व्यापारी, सरकारी अधिकारी सर्वजण शेअरबाजारात उतरले.

आता एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. ‘बँक ऑफ बाँबे’ ही सरकारच्या भागीदारीची, प्रतिष्ठेची बँक. तिने कर्जे कशाच्या तारणावर द्यावी, यावर जुन्या सनदेने काही बंधने घातली होती. १८६३ च्या कायद्याने ती बंधने सैल झाली आणि बँक शेअरांच्या तारणावर, कित्येकदा नुसत्या नावावर, भरमसाट कर्जे देत सुटली. पाणी चढू लागले होते, नेमका त्याच वेळी बांध खाली केला गेला. आजच्या व्याख्यानातून आपण एकच गोष्ट घरी न्यावयाची ठरविली, तर ती हीच न्यावी असे आम्ही सुचवू. पैशाच्या पुराने बुडालेल्या देशांची हकीकत वाचली की बहुतेक ठिकाणी हाच क्रम आढळतो. तेजीच्या दिवसांत बंधने जाचक वाटतात, ती काढणारा शहाणा ठरतो आणि सावध राहा म्हणणारा अपशकुनी ठरतो.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी देणारे देऊ शकले नाहीत आणि घेणारे घेऊ शकले नाहीत. पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंदांचे साम्राज्य कोसळले. बँक ऑफ बाँबे पुढे गुंडाळावी लागली आणि १८६८ मध्ये त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. जुन्या बँकेच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी आयोग बसला. १८६४ च्या गणतीत मुंबईची वस्ती आठ लाखांवर होती. १८७२ मध्ये ती साडेसहा लाखांच्या आत आली.

सगळेच वाया गेले असे मात्र नाही. आगगाडीचे रूळ राहिले, भरून काढलेली काही जमीन राहिली. प्रेमचंदांनी आपल्या मातोश्रींच्या नावाने मुंबई विद्यापीठास दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजही उभा आहे. जो पैसा दगडात, रुळांत आणि विद्येत गेला तो टिकला. जो नुसत्या कागदांवरून कागदांवर फिरला तो गेला.

परंतु आम्हांला आपले लक्ष मुंबईकडून देशावर न्यावयाचे आहे. तेजीच्या काळात शेतमालाचे भाव चढले होते, रेल्वेच्या बांधकामावर मजुरी मिळत होती आणि सावकारही सढळ हाताने कर्ज देत होते. कारण कुणब्याची पत वाढलेली दिसत होती. भाव उतरले तशी पत आटली, कर्ज मात्र राहिले. त्यातच दक्षिणेतील अनेक तालुक्यांत शेतसाऱ्याची फेरआकारणी होऊन सारा मोठ्या प्रमाणात वाढला. त्या आकारणीला तेजीच्या वर्षांतील भरभराटीचा आधार होता. वसुली सुरू झाली ती मंदीच्या वर्षांत. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले. हा वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. दख्खनचे दंगे म्हणून तो प्रसिद्ध आहे. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. दंग्यांचे कारण एकच होते असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या माणसाने बॅक बेचा शेअर डोळ्यांनी पाहिला नाही, त्याच्या घरापर्यंत त्या तेजीची किंमत पोहोचली, एवढे खरे.

येथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते, ती म्हणजे चलनाचा दर. जालनेकरांना ती समजावून देण्याची गरज पडू नये. निजामी अमदानीत येथे हाली सिक्का चाले आणि शेजारी वऱ्हाडात इंग्रजांचा कलदार. अखेरच्या काळात सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा हिशेब होता. आमच्या घरातील वडीलधारी माणसे सांगत की खामगाव-बुलढाण्याकडे व्यवहार करावयाचा तर मालाच्या भावाइतकेच सराफाच्या बट्ट्याकडेही लक्ष ठेवावे लागे. आज रुपया आणि डॉलर यांचे नाते तसेच आहे. बाहेरचा माणूस आपल्याकडे पैसा लावू पाहतो तेव्हा तो डॉलर विकून रुपये घेतो. रुपयाला मागणी वाढते, रुपया महागतो. २००६ च्या मध्यास एका डॉलरला सुमारे ४७ रुपये पडत होते. २००८ च्या प्रारंभी ४० हूनही कमी पडू लागले. ज्या मालाचे बाहेर १०० डॉलर मिळत, त्याचे पूर्वी ४,७०० रुपये होत; आता चार हजारही होईनात. सोलापूरचा टॉवेल तोच, विणकर तोच, गिऱ्हाईकही तेच. पदरात पडणारी रक्कम मात्र घटली. मुंबईच्या शेअरबाजारात आलेल्या पैशाचा शेअरशी काडीचा संबंध नसलेल्या माणसाला असा फटका बसतो. त्या वेळी निर्यातदारांनी गाऱ्हाणे मांडले आणि २००७ मध्ये सरकारला त्यांना सवलती द्याव्या लागल्या.

सर्व परकीय पैसा एका जातीचा नसतो, हेही सांगितले पाहिजे. कोणी येथे येऊन कारखाना उभारतो. त्याचे भांडवल यंत्रांत आणि इमारतींत अडकलेले असते, ते एका रात्रीत उचलून नेता येत नाही. कोणी शेअर आणि रोखे घेतो. ते त्याला सकाळी घेऊन दुपारी विकता येतात. कोणी अल्प मुदतीचे कर्ज देतो. मुदत संपताच ते परत मागतो. पहिला पाहुणा बिऱ्हाड करून राहणारा आहे, दुसरा धर्मशाळेत उतरलेला आहे आणि तिसऱ्याने तर टांगा दारातच उभा ठेवला आहे. तिघांचेही स्वागत करावे, पण तिघांच्या भरवशावर सारखाच संसार मांडू नये.

संसार तसाच मांडला तर काय होते, हे थायलंडने दाखवून दिले. १९९० नंतरच्या वर्षांत तेथील सरकारने आपले बाट हे चलन डॉलरला सुमारे पंचवीस या दराशी बांधून ठेवले होते. बाहेर व्याज कमी, देशात जास्त आणि दर तर बदलणार नाही अशी खात्री. मग बँका आणि वित्तसंस्था यांनी डॉलरमध्ये अल्प मुदतीची कर्जे काढली आणि ती बँकॉकच्या इमारतींत ओतली. बाहेरच्या सावकारांचा विश्वास उडाला तेव्हा २ जुलै १९९७ रोजी सरकारला बाट मोकळा सोडावा लागला. जानेवारी १९९८ मध्ये एका डॉलरला पन्नासांहून अधिक बाट पडू लागले, म्हणजे डॉलरचे कर्ज आपोआप दुप्पट झाले. ५६ वित्तसंस्था कायमच्या बंद झाल्या. १८६५ च्या मुंबईची ही जणू दुसरी आवृत्तीच होती. फक्त कापसाऐवजी इमारती होत्या.

आता उपायांकडे वळू. आपल्या जिल्ह्याच्या अंबड, घनसावंगी भागाला जायकवाडीचे पाणी मिळते. त्या धरणाला सत्तावीस दरवाजे आहेत. पुराच्या वेळी कोणते दरवाजे केव्हा आणि किती उघडावयाचे, यावर खालच्या गावांचे भवितव्य अवलंबून असते. पैशाच्या पुरासाठीही एकच दरवाजा पुरत नाही, चार-पाच लागतात.

पहिला उपाय साठ्याचा. बाहेरचे डॉलर येऊ लागले की रिझर्व्ह बँकेने ते विकत घ्यावे आणि गंगाजळीत ठेवावे. यामुळे रुपया एकदम महागत नाही आणि पुढे ओहोटी लागली की तोच साठा उपयोगी पडतो. १९९१ मध्ये आपली गंगाजळी जेमतेम तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. बाहेर राहणाऱ्या भारतीयांनी येथे ठेवलेल्या ठेवी काढून नेण्यास सुरुवात केली होती आणि देशाला सुमारे ४७ टन सोने बाहेरच्या बँकांकडे गहाण टाकावे लागले. घरातले सोने गहाण पडल्याचे दुःख ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या दिवसांची आठवण पुरेशी आहे. त्यानंतर साठा वाढवीत नेण्याचे धोरण पडले. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस तो सातशे अब्ज डॉलरांच्या वर गेला होता.

परंतु डॉलर घेताना रिझर्व्ह बँक त्या बदल्यात नवे रुपये बाजारात सोडते. ते तसेच राहू दिले तर महागाई वाढते आणि जमीनजुमल्याचे भाव चढतात. म्हणून दुसरा उपाय करावा लागतो, तो म्हणजे बाजारात आलेला जादा पैसा पुन्हा शोषून घेणे. याकरिता एप्रिल २००४ मध्ये आपल्याकडे एक विशेष योजना निघाली. सरकारने रोखे विकावयाचे, पण त्यांतून आलेली रक्कम खर्च न करता रिझर्व्ह बँकेत वेगळी बाजूला ठेवावयाची. डॉ. य. वे. रेड्डी त्या वेळी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. २००७-०८ साली देशात परकीय भांडवलाचा निव्वळ ओघ शंभर अब्ज डॉलरांच्या वर गेला. तेव्हा ही योजना फार मोठ्या प्रमाणात वापरली गेली. बँकांनी ठेवींपैकी जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावयाचा असतो, तोही वाढवीत वाढवीत ऑगस्ट २००८ पर्यंत नऊ टक्क्यांवर नेला गेला. त्या वेळी उद्योगपती कुरकुरले, कर्ज महागले म्हणून घरे घेणारेही कुरकुरले. पण पुढच्याच महिन्यात अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली आणि जगभर पैसा आपापल्या घरी पळाला. मग हेच दरवाजे उलट दिशेने उघडता आले. तो रोख हिस्सा जानेवारी २००९ पर्यंत नवांवरून पाच टक्क्यांवर आणला गेला आणि शोषून ठेवलेला पैसा बाजारात परत सोडला गेला. तेजीत आवळलेले असते म्हणूनच मंदीत सैल सोडता येते. १८६३ च्या मुंबईने नेमके याच्या उलट केले होते.

हा उपाय फुकटचा मात्र नाही. बाजूला ठेवलेल्या रकमेवर सरकारला व्याज द्यावे लागते आणि ते व्याज करदात्याच्या खिशातून जाते. गंगाजळीतील डॉलर बाहेरच्या देशांच्या रोख्यांत गुंतवावे लागतात, त्यांवर व्याज कमी मिळते. विम्याचा हप्ता समजून हा खर्च सोसावा. पण तो खर्च आहे हे लोकांना सांगितले पाहिजे.

तिसरा उपाय वेशीवरच्या नाक्याचा. दक्षिण अमेरिकेतील चिली या देशाने १९९१ मध्ये असा नियम केला की बाहेरून येणाऱ्या कर्जाचा पाचवा हिस्सा मध्यवर्ती बँकेकडे बिनव्याजी ठेवावयाचा. पुढच्या वर्षी तो हिस्सा तीस टक्के केला गेला आणि ठेवीची मुदत एक वर्षाची ठरली. दोन महिन्यांसाठी येणाऱ्याला हा नियम फार जड जाई, दहा वर्षांसाठी येणाऱ्याला तो जाणवतही नसे. एकूण ओघ यामुळे फारसा घटला नाही असे अभ्यासक सांगतात, पण अल्प मुदतीऐवजी लांब मुदतीचा पैसा अधिक येऊ लागला. ओहोटी लागल्यावर, १९९८ मध्ये, चिलीने हा नाका उठविला. ब्राझीलनेही २००९ मध्ये बाहेरून येणाऱ्या पैशावर दोन टक्के कर बसविला आणि पुढे रोख्यांसाठी तो सहा टक्क्यांपर्यंत वाढविला.

नाका बसविताना तारतम्य मात्र हवे. थायलंडने डिसेंबर २००६ मध्ये एकाएकी असाच नियम लादला, तेव्हा एका दिवसात तेथील शेअरबाजार सुमारे पंधरा टक्क्यांनी कोसळला आणि लगेच शेअरांपुरता नियम मागे घ्यावा लागला. आपल्याकडेही ऑक्टोबर २००७ मध्ये सेबीने, नाव उघड न करता बाहेरून शेअर घेण्याच्या एका पद्धतीवर बंधने सुचविली; दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईचा बाजार इतका घसरला की तासभर व्यवहार थांबवावे लागले. आपण डगमगलो नाही, बंधने काही फरकाने अमलात आली आणि बाजारही सावरला. दवंडी पिटून, नियम समजावून सांगून बसविलेला नाका लोक मानतात. मध्यरात्री उभा केलेला नाका पळापळ करवितो.

अशी बंधने घालणे म्हणजे जगाशी वैर, असे पुष्कळ वर्षे सांगितले जात असे. वस्तुतः १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची घटना तयार झाली, तिच्यातच भांडवलाच्या हालचालींवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार सभासद देशांना दिलेला आहे. त्या परिषदेला गेलेल्या भारतीय प्रतिनिधींत रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे आपले महाराष्ट्रीय होते, हे सांगताना आम्हांला अभिमान वाटतो. मधल्या काळात नाणेनिधीचा कल बंधने उठविण्याकडे झुकला होता. पण २०१२ मध्ये त्यानेही मान्य केले की काही परिस्थितीत अशी बंधने योग्य ठरतात. आपल्याकडे शहाणपण विलायतेची मोहोर उमटून आले की त्याला किंमत येते. तेव्हा हेही बरेच झाले.

चौथा उपाय कर्जदारावर लक्ष ठेवण्याचा, आणि तो जालन्यासारख्या गावाशी निगडित आहे. आपल्या येथे लोखंडाच्या भट्ट्या आणि सळ्यांचे कारखाने आहेत. भंगार बाहेरून आणावे लागते, म्हणून डॉलरशी रोजचा संबंध आहे. समजा, एखाद्या कारखानदाराने २००८ च्या आरंभी व्याज स्वस्त म्हणून दहा लाख डॉलरचे कर्ज काढले. त्या दिवशी ते चार कोटी रुपये होते. मार्च २००९ मध्ये डॉलर पन्नासांच्या वर गेला. फेडावयाचे झाले पाच कोटींहून अधिक. स्वस्त व्याजाची सगळी गोडी त्या एका कोटीत गेली. ज्याची मिळकत डॉलरमध्ये आहे त्याने डॉलरमध्ये कर्ज काढावे. ज्याची मिळकत रुपयांत आहे त्याने दराचा विमा उतरविल्याशिवाय त्या वाटेस जाऊ नये. बँकांनीही असे कर्ज देण्यापूर्वी हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

पाचवा उपाय सरकारच्या स्वतःच्या काटकसरीचा. तो बोलण्यास सर्वांत सोपा आणि करण्यास सर्वांत अवघड आहे. तेजीत कर अधिक जमतो, कर्जही सहज मिळते; मग खर्चाचे आकडे फुगतात आणि ते आकडे पुन्हा खाली येत नाहीत. आपल्या देशाला याचा अनुभव २०१३ मध्ये आला. महागाई होती, आयात निर्यातीहून फारच अधिक होती आणि ती तूट बाहेरच्या पैशाने भरून निघत होती. मे महिन्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षांनी, आपण बाजारात ओतत असलेला पैसा हळूहळू कमी करू, एवढेच सूचित केले. आणि २८ ऑगस्ट रोजी रुपया डॉलरला ६८ च्याही पलीकडे घसरला. पुढे अनिवासी भारतीयांच्या ठेवी विशेष सवलतीने मिळवून ती वेळ निभावली गेली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये परकीय गुंतवणूकदारांनी एका महिन्यात सुमारे ९४ हजार कोटी रुपयांचे शेअर विकून पैसा नेला. तरीही १९९१ सारखी अवस्था झाली नाही. गंगाजळी मोठी होती हे एक कारण. आणि दरमहा थोडे थोडे बाजूला टाकणाऱ्या आपल्याच लाखो लोकांची बचत त्या विक्रीसमोर उभी राहिली, हे दुसरे. परक्याचा पैसा उपयोगी आहे, पण घरच्या बचतीचा पाया असेल तरच तो अंगी लागतो. त्याच वर्षी जूनपासून भारत सरकारचे रोखे एका जागतिक निर्देशांकात समाविष्ट होऊ लागले, म्हणजे पैसा येण्याजाण्यास आणखी एक रुंद दार उघडले. दार उघडले याबद्दल आमची तक्रार नाही. पण दार जितके रुंद, तितका पहारा जागा असला पाहिजे.

बंधुभगिनींनो, २०१२-१३ चा दुष्काळ आपण कोणी विसरलेले नाही. त्या टंचाईच्या दिवसांत या शहराच्या नागरिकांनी लोकवर्गणीतून घाणेवाडीच्या तलावातला गाळ काढला आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतांत नेऊन टाकला. तलाव भरलेला असताना गाळ दिसत नाही आणि काढताही येत नाही. तो कोरड्या दिवसांतच काढावा लागतो, म्हणजे पुढच्या पावसाचे पाणी मावते. देशाचेही तसेच आहे. बँकांची कर्जे स्वच्छ करणे, सरकारी तूट आवरणे, रस्ते, वीज, शिक्षण यांची तयारी करणे ही ओहोटीतील कामे आहेत. ती झाली असतील तर येणारा पैसा कारखान्यांत आणि शेतीत मुरतो. झाली नसतील तर तो जमिनीच्या आणि शेअरच्या भावांत फेसासारखा वर येतो.

या सर्व उपायांना काही ना काही किंमत आहे आणि कोणताही उपाय पूर्णपणे पाणी अडवू शकत नाही, हे आम्ही कबूल करतो. बंधने फार आवळली तर कारखाना काढू पाहणाराही परत जातो, आणि आपल्यासारख्या मागास भागाला तर भांडवलाची गरज अधिक आहे. परंतु धोरण तोलण्याची एक कसोटी आमच्या मते साधी आहे. हा पैसा उद्या गेला, तर त्याची झळ कोणाला लागेल? ज्याने तेजीत कमावले त्याला लागणार असेल, तर ती व्यापाराची रीत आहे. पण ज्याने तेजी पाहिलीच नाही, त्या कापूस पिकविणाऱ्याला, विणकराला, भट्टीवरच्या कामगाराला लागणार असेल, तर ते धोरण चुकले असे समजावे. १८७५ मध्ये सुप्याच्या शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले, तेव्हा हा प्रश्न विचारण्यास दहा वर्षे उशीर झाला होता.

आपण हा प्रश्न वेळेवर विचारीत जावा. आपल्या खासदाराला, आपल्या बँकेच्या व्यवस्थापकाला आणि वर्तमानपत्रात ‘विक्रमी गुंतवणूक’ असा मथळा दिसला की स्वतःलाही.